धुक्याचे दिवस : शून्य

४ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र शाळेच्या कामाचं आहे. माझं अक्षर बघून फाडणार असशील तर पत्र खुशाल फाड, पण सोबतचा खोका उघड. त्यात छत्तीस मुलांची मेहनत आहे आणि त्यांनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

मी अजून त्याच प्राथमिक शाळेत, त्याच ग्रंथालयात आहे. चौथीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचा हवामानाचा प्रकल्प मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात मारला. 'तुम्हाला काय, पुस्तकं तर तुमच्याकडेच आहेत,' म्हणाल्या. मुलांनी दोन गावांचा पाऊस मोजायचा, एक डोंगराच्या अलीकडचं, एक पलीकडचं, आणि डोंगर चढताना ढग काय करतात ते शोधून काढायचं. पलीकडे कुणी ओळखीचं आहे का, असं मोठ्या बाईंनी विचारलं. आहे म्हटलं. कोण, ते सांगितलं नाही.

खोक्यात पर्जन्यमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी वस्तू म्हणजे सरळ उभी प्लास्टिकची बाटली. गळा कापून उलटा बसवलाय, तळाशी खडे, बाहेरून पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या शून्यापर्यंत आधी पाणी भर, नाहीतर सगळी मोजणी चुकेल. उघड्यावर ठेव, भिंतीपासून लांब. तू लिफ्ट दुरुस्त करत दिवसभर कुठल्या ना कुठल्या गच्चीवर असतोस, असं आत्या म्हणाली. पण बाटली रोज एकाच गच्चीवर हवी. सकाळी साडेआठला वाचायचं, लिहायचं, जास्तीचं पाणी ओतून द्यायचं. बारा कार्डं ठेवली आहेत, तिकीट लावलेली. त्यांवर पत्ता 'इयत्ता चौथी' असा आहे, माझा नाही. आठवड्याला एक टाकलंस तरी पुरे.

अकरा वर्षं आपण धड बोललो नाही, त्याबद्दल या पत्रात काही नाही. तुझा नवा पत्ता आत्याने दिला. तिला रागावू नकोस, मी फार मागे लागले होते.

ग्रंथपाल, प्राथमिक शाळा


१९ ऑगस्ट

धाकट्या,

कार्ड आलं नाही. मुलं रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारतात आणि मी रोज सांगते की डोंगरापलीकडचं टपाल उशिराच येतं. उद्यापासून काय सांगू ते सुचत नाही.

आमच्या बाजूचं काम मात्र जोरात आहे. परवा जलचक्राचं नाटक बसवलं. वीस थेंब, सहा ढग, चार डोंगर, एक सूर्य, बाकीची झाडांची मुळं. सूर्याने हात पसरले की थेंबांनी वर जायचं. एक थेंब जागचा हलेना. म्हणे, 'बाई, मी समुद्रातच बरा आहे.' दोघांनी त्याला काखेत धरून ढगात नेला तर ढगात जाऊन रुसून बसला, खाली पडायला तयार नाही. मुळं झालेल्या मुली हसून हसून गडबडा लोळल्या. मोठ्या बाई आवाज ऐकून आल्या आणि दारातून परत गेल्या.

आणि हवा आणि हवामान यांतला फरक. आज जे आहे ती हवा, तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान, असं मी फळ्यावर लिहिलं. पोरं नुसती बघत बसली. मग एक मुलगी उठून म्हणाली, 'म्हणजे आज डब्यात काय निघालं ती हवा, आणि आई बहुतेक वेळा काय देते ते हवामान.' मागून कुणीतरी म्हणालं, 'आमच्याकडे हवामान बटाटा.' मी फळा पुसून हिचंच वाक्य लिहिलं. या मुलीला वर्गात सगळे शंका म्हणतात. मीही म्हणते, तिला चालतं.

घरी आल्यावर हे सांगायला कुणी नसतं, म्हणून तुला लिहितेय. आबा गेल्यापासून आतल्या खोलीचा दिवा मी लावतच नाही. ओट्याशी उभी राहून जेवते आणि रेडिओवरच्या लोकांना उलट उत्तरं देते. तुला हे वाचून बरं वाटत असेल तर वाटू दे.

मागच्या पत्रात शाळेचं काम म्हटलं, ते अर्धंच खरं होतं. जुलैत काय झालं ते ऐक.

मी मुलांना हिरवे तक्ते दिले होते. ते पुस्तक तू विसरला नसशील. प्रत्येक शहर, प्रत्येक महिना, तीस वर्षांच्या सरासऱ्या. शंकाने आपला जन्माचा महिना काढला. गडगडाटाचे दिवस: शून्य. 'बाई, हे पुस्तक खोटं आहे. मी झाले तेव्हा गडगडत होतं. दवाखान्यातले दिवे गेले होते, आई सांगते.' मी माझ्या नेहमीच्या ऐटीत म्हटलं, 'पुस्तक तीस वर्षांचं आहे आणि तू नऊ वर्षांची.' ती गुपचूप जाऊन बसली. अर्ध्या तासाने पुस्तक छातीशी धरून परत आली आणि शेवटच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या टिपेवर बोट ठेवलं. अर्ध्याहून कमी सरासरी शून्य अशी छापली आहे.

आम्ही फळ्यावर गणित केलं. तीस वर्षांत चौदा वेळा गडगडलं तर सरासरी अर्ध्याच्या खाली येते. छापताना शून्य. 'म्हणजे शून्य म्हणजे कधीच नाही असं नाही, हो ना बाई?' मी हो म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.

टिपा वाचल्याशिवाय तक्त्याला हात लावायचा नाही, हे मी पोरांना वर्षानुवर्षं बजावत आलेय. स्वतः कधी वाचली नव्हती.

आई गेली त्या सकाळी सातला तू बसस्थानकावरून फोन केलास. इथे दाट धुकं आहे, चालक गाडी काढत नाही, माझ्यासाठी दुपारपर्यंत थांबा. मी आबांना निरोप दिला आणि तेवढ्यावर न थांबता हिरवे तक्ते काढले. शिवण उसवली म्हणून ते मी घरी आणले होते. तुझं शहर, एप्रिल, धुक्याचे दिवस: शून्य. आबांना दाखवलं. तू घर सोडलंस तेव्हा तुम्हा बापलेकांचं जे वाजलं होतं ते अजून ताजं होतं, त्यांना पटायला वेळ लागला नाही. अकराला आईला नेलं. तू संध्याकाळी सव्वापाचला आलास आणि मी दारातच, आत्यासमोर, शेजाऱ्यांसमोर, पुस्तक उघडून त्या शून्यावर बोट ठेवलं. तू पुस्तकाकडे बघितलंही नाहीस. 'आता या पुस्तकालाच भाऊ म्हण,' म्हणालास आणि पायरीवरून परत फिरलास.

आता टीप वाचली आहे. पुढचं आज लिहवत नाही.

ताई


२ सप्टेंबर

धाकट्या,

कार्ड आलं. शिपायाने वर्गात आणून दिलं आणि पोरांनी बाकं बडवली. सोम ६, मंगळ ०, बुध ११, गुरु २३, शुक्र ७. खाली एक ओळ: 'इमारत पाच मजली, जवळची भिंत चार मीटरवर.' सातच्या पोटात तू अजून आडवी रेघ मारतोस. माझ्यासाठी एक अक्षर नव्हतं आणि मी कार्ड तीनदा उलटून बघितलं. मुलांना वाटलं बाई आकडे तपासताहेत.

शंकाने लगेच दोन्ही गावांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. आमचे गुरुवारी ४, तुमचे २३. तिचं म्हणणं, ढगांनी सगळं सामान तिकडेच उतरवलं आणि आमच्याकडे रिकाम्या हाताने आले. बरोबर आहे. डोंगर चढताना ढग गार होतात, पाणी तिकडेच पडतं. हे मी शिकवण्याआधी तिने आकड्यांवरून काढलं.

तर आता माझं. टीप सापडली त्या दिवशी मी तुमच्याकडच्या वेधशाळेला शाळेच्या कागदावर पत्र लिहिलं. प्रकल्पासाठी सहा तारखांच्या नोंदी हव्यात, म्हटलं. पाच तारखा मुलांच्या वाढदिवसांच्या होत्या. सहावी २३ एप्रिल, ते साल. तिथल्या कारकुनाने कुठलेही आढेवेढे न घेता दहा दिवसांत वहीच्या पानांच्या नकला पाठवल्या. सहावं पान सोबत जोडलंय. तुला त्याची गरज नाही, तरी तुझ्याकडे असू दे. दाट धुकं, पहाटे ४.४० ते दुपारी १२.१०. पन्नास मीटरपलीकडचं काही दिसत नाही.

मी ते व्हरांड्यात उभ्याने वाचलं. पाचवीची कवायत चालली होती, सर शिट्टी वाजवत होते. धुकं बारा दहाला उठलं, गाडी निघाली, पाच तास धरले तर तू वाटेत कुठे पाणी प्यायलाही उतरला नव्हतास.

तू खरं बोलत होतास. मी तुला खोटारडा ठरवलं, चारचौघांत ठरवलं, आणि अकरा वर्षं तसंच म्हणत राहिले. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही, कारण माफी मागितली की माणसाला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. तू उत्तर देऊ नकोस. पण मला फार वाईट वाटतं, रोज वाटतं, आणि हे तुला कळावं अशी इच्छा आहे.

जुलैत सगळं कळलं होतं आणि ऑगस्टच्या पत्रात मी बाटलीचं पुराण लावून बसले. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

ताई


२१ सप्टेंबर

धाकट्या,

तीन कार्डं आली. माझ्याबद्दल त्यांत काही नाही, आणि ते ठीक आहे. गेल्या बुधवारपुढे तू 'बाटली कलंडली होती, आकडा धरू नये' असं लिहिलंस. मी वर्गाला सांगितलं की निरीक्षक असा असावा. न मोजलेलं मोजलं म्हणून सांगत नाही.

त्या दिवशी दारात जे जे होते त्या सगळ्यांना मी वेधशाळेचं पान दाखवायचं ठरवलं. शेजारचे शिंपीकाका आता ऐकू येत नाही म्हणतात, त्यांच्यासमोर कागद धरला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी करून परत दिला आणि मशीन सुरू केलं. समोरच्या काकू म्हणाल्या, 'अगंबाई, ते अजून तुझ्या डोक्यात आहे होय,' आणि मला चहा विचारला. मी गुन्हा कबूल करायला गेले होते आणि लोक गॅस पेटवत होते. माझी इतकी चिडचिड झाली की काय सांगू.

आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिने ती तारीख पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, 'मला माहीत होतं.'

'काय माहीत होतं?'

'त्याचा स्वेटर दमट होता गं. ऐन एप्रिलमध्ये. पायरीवर मी त्याच्या खांद्याला हात लावला होता.'

'मग तेव्हा बोलली का नाहीस?'

'तू हातात पुस्तक घेऊन उभी. तुझ्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप होती?'

मी फोन ठेवला. पुन्हा लावला. तिने उचलला आणि आम्ही दोघी नुसत्याच फोन धरून बसलो. तिला आता धाप लागते, ती ऐकू येत होती.

आणखी दोन गोष्टी आहेत. एक लिहायला सोपी आहे म्हणून आधी लिहिते. सरासरीवरून एक दिवस ठरवत नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी काही अडाणी नव्हते. तू यायला नको होतास, एवढंच. आईचं दुखणं दोन वर्षं मी एकटीने काढलं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, रात्रीतून चादर दोनदा बदलणं. आणि शेवटच्या दिवशी तू येणार, दारात रडणार, आणि सगळे माझ्याकडे पाठ करून तुझ्या पाठीवरून हात फिरवणार. मला ते नको होतं. पुस्तक हाताशी सापडलं.

दुसरी गोष्ट आबांची. आई गेल्यावर ते तीन वर्षं होते. तुझा फोन आला की मीच उचलायचे आणि ते झोपलेत म्हणायचे, हे तुला ठाऊक असेलच. शेवटच्या महिन्यात त्यांनी मला दोनदा सांगितलं, त्याला फोन लाव. पहिल्यांदा मी ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्यांदा म्हटलं, 'कशाला, अजून खोटं ऐकायला?' त्यांनी कूस बदलली. तिसऱ्यांदा मागितलं नाही. तुला मी सगळं उरकल्यावर दोन ओळींचं पत्र टाकलं. तू आला नाहीस, आणि बघा, आला नाही, असंही मी लोकांना सांगितलं.

तुला वाटत असेल आबा तुझ्यावर रागावून गेले. नाही गेले. त्यांना तू हवा होतास. हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवायला हवं होतं. लिहिलं.

यानंतर तू कार्डं बंद केलीस तर मुलांना मी खरं कारण सांगणार नाही, पण तुला दोषही देणार नाही. पाऊस थांबला म्हणेन.

ताई


१० ऑक्टोबर

धाकट्या,

मागच्या शनिवारी कार्ड आलं नाही. आदल्या दिवसापासूनच माझी कशातच हात घालायची तयारी नव्हती. ग्रंथालयात बसून तीच तीन पुस्तकं या कप्प्यातून त्या कप्प्यात लावली. शंका दोनदा येऊन गेली.

या सोमवारी आलं.

मुलांचं संशोधन संपत आलंय, तक्ते मोठ्या कागदावर चढवायचं काम चालू होतं. मी कार्ड नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. सोम ०, मंगळ ०, बुध ०, गुरु ०. शुक्रवारी, 'दुपारी चारच्या सुमारास गारा. पाच-सहा मिनिटं. सुपारीएवढ्या. बाटलीला तडा गेला, चिकटपट्टी लावली आहे.' बस. नाव नाही, गाव नाही. माझं २१ तारखेचं पत्र तुला मिळालं की नाही तेही नाही.

हुशार मुलं आहेत, मीच शिकवून ठेवलीत. एकाने लगेच हिरवे तक्ते ओढले. तुझं शहर, ऑक्टोबर, गारांचे दिवस: शून्य. दुसऱ्याने वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. शनिवार बघितला, रविवार बघितला, तुमच्याकडच्या गारांबद्दल कुठे काही नाही. वेधशाळेला लिहायचं तर उत्तर यायला दहा दिवस आणि प्रदर्शन गुरुवारी. वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, सुपारीएवढ्या म्हणजे काकांनी जरा वाढवून सांगितलं असणार. दुसरे म्हणे, एकाच माणसाने सांगितलंय तर गाळून टाकावं, पूर्ण आठवडा कोरा ठेवावा. भांडण चांगलंच रंगलं. मग शंका माझ्याकडे वळली. तिच्या हातात निळा खडू होता आणि शुक्रवारची चौकट रिकामी होती.

'बाई, लिहू की नको?'

छत्तीस तोंडं माझ्याकडे.

म्हटलं, 'लिही. तो तिथे होता, आपण नव्हतो.'

तिने लिहिलं. गारा, पाच-सहा मिनिटं, सुपारीएवढ्या. मग खाली, माहिती देणाऱ्याच्या जागी, काय लिहू म्हणून विचारलं. बाईंचा भाऊ, असं लिही म्हटलं. पोरं गलका करू लागली की बाईंना भाऊ आहे, बाईंना भाऊ आहे, जसं काही मला शेपूट निघालंय. मी त्यांना गप्प केलं नाही.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, मी तिथेच बाकावर बसून राहिले. तो तिथे होता, आपण नव्हतो. म्हणायला किती वेळ लागला, श्वास घेण्याइतकाही नाही. आबांच्या खाटेशी बसून मला हे म्हणता आलं असतं.

ताई